सपाटीवर कोण पडतं?

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडं लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. दुसरं कोणी वाचणार नाही, मग स्वतःशी खोटं बोलून मिळणार काय?

सुट्टीचं ठरलं. मला समुद्र हवा होता. खुर्चीत आडवं पडायचं, तोंडावर टोपी, संपलं. हिला बर्फ हवा. आता ही स्वतःहून काही मागते असं सहसा होत नाही. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते. खोलीला खिडकी नाही, दार जाडजूड, आणि दिवसभर लोकांना सांगायचं, हलू नका. तिथल्या कपाटाच्या दाराला आतून हिने जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलंय. गोठलेलं तळं आणि पलीकडे लाकडी झोपडी. ते तळं खरंच आहे असं हिने शोधून काढलं. तिथे नेणारी सहलही आहे. तीन दिवस स्की शिकायचं, चौथ्या दिवशी गाइडबरोबर जंगलातून तळ्यावर जाऊन यायचं. मी उदार मनाने हो म्हटलं.

चौकशीही केली. हे डोंगरावरून सुसाट खाली येण्याचं स्की नव्हे. हे सपाटीवरचं, चालण्यासारखं. सपाटीवर कोण पडतं?

४ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. शिकायला येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, सर, भीती नाही का वाटत? म्हटलं, भीती हे शिकाऊ लोकांचं कारण असतं. माझ्याकडे येणाऱ्यांचं तीन दिवसांत हटकून काहीतरी दुखतं. मान अवघडते, नाहीतर गुडघा. मी तोंडावर सांगतो, गुडघा ठणठणीत आहे, घाबरलंय ते मन. उद्या वेळेवर या.

संकल्प: रोज पन्नास बैठका.

५ फेब्रुवारी

बैठका नऊ. उरलेल्या तिथे गेल्यावर. ताज्या हवेत लवकर होतात.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

पोहोचलो. खोली छोटी, हीटरवर आमचे मोजे वाळत घातल्यामुळे वासाला मोठी. खिडकीतून पांढरंच पांढरं. ही पंधरा मिनिटं खिडकीपासून हलली नाही. चहा गार झाला तिचा.

ग्रुपमध्ये चौघंच. आम्ही दोघं, एक दाताच्या डॉक्टरीणबाई आणि एक रिटायर्ड बँकवाले, वय बहात्तर. मनात म्हटलं, यांना सांभाळून घ्यावं लागणार.

सामान भाड्याने घ्यायला खालच्या दुकानात गेलो. स्की माझ्याहून उंच आणि पट्टीएवढी अरुंद. बूट फक्त चवड्याला अडकतो, टाच मोकळी. दुकानदाराला एकीकडे बोलावून हळूच सांगितलं, तुमच्या या जोडीत मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे, टाच सुटलीय. तो म्हणाला, सगळ्यांची अशीच असते. म्हटलं, बघत होतो तुम्हाला ठाऊक आहे का.

मग त्याने वजन विचारलं. असं चारचौघांत! मागे डॉक्टरीणबाई, शेजारी ही बूट घालून बघत होती. मी लग्नाच्या वेळचं सांगितलं. एकोणसत्तर. वजन ही काही रोज बदलणारी गोष्ट नव्हे. दुकानदाराने माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा विचारलं, नक्की? म्हटलं, जाड कोट आहे.

१० फेब्रुवारी

पहिला दिवस. गाइड म्हणजे एक तरतरीत मुलगी, आमच्या पुतणीच्या वयाची. सगळे तिला गाइडबाई म्हणतात. मशीनने बर्फात दोन सरळ खाचा पाडलेल्या असतात, त्यात एकेक स्की ठेवायची आणि सरकायचं. चक्क लेन! मी खूश. म्हटलं, लेनच्या शिस्तीबद्दल मला कोणी शिकवायची गरज नाही.

पडलो. एकदा उभ्या उभ्या पडलो, त्याला कारण नव्हतं. बाकीच्या वेळी कारणं होती. उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो. इतकी वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतोय, तिथे माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. इथे खाली ब्रेकच नाही. ही डिझाइनची चूक आहे.

पडल्यावर उठायचीही पद्धत आहे. पाठीवर व्हायचं, दोन्ही स्की हवेत, मग कुशीवर, मग गुडघ्यावर. मी पाठीवर होतो तेव्हा एक आजीबाई बाजूच्या लेनमधून सपासप गेल्या आणि जाता जाता हात हलवून गेल्या.

गाइडबाई मला मस्त म्हणाल्या. दोनदा.

ही चांगली सरकते. अंग हलकं आहे तिचं, त्यात तिचं कौतुक काय. पण हसत होती. एकटीच पुढे जाऊन, वळून, हसत उभी होती. किती दिवसांनी तिला असं पाहिलं, कोण जाणे.

११ फेब्रुवारी

अंग अंग ठणकतंय. बैठका रद्द.

एक गोष्ट लक्षात आली. गाइडबाई सगळ्यांनाच मस्त म्हणतात. बँकवाल्यांना म्हणतात, दुकानदाराच्या कुत्र्यालाही म्हणतात.

आज माझी स्की सरकेचना. बाकीचे एकदा पाय रेटला की बैठकीच्या खोलीभर पुढे जातात. मी पाऊलभर, की घोडं पेंड खातंय. घामाने आतला बनियन पिळून निघाला. बँकवाले थांबून थांबून माझी वाट बघत होते. म्हणाले, घाई नाही हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाइडबाईंनी माझी स्की उलटी करून पाहिली. मधोमध केसाळ पट्टी असते, पाय रेटताना पकड मिळायला. स्की तिथे कमानीसारखी वर उचललेली असते, म्हणजे सरकताना पट्टी बर्फाला लागत नाही. पण माणूस स्कीच्या मानाने जड असेल तर कमान दबते, पट्टी घासत राहते आणि गाडी हलत नाही. त्यांनी अगदी सहज विचारलं, वजन किती सांगितलं होतंत? सगळे बघत होते. मी म्हटलं, एकोणसत्तर. त्या म्हणाल्या, मग ठीक असायला हवी.

म्हटलं, आज बर्फच चिकट आहे.

संध्याकाळी ही म्हणाली, चला, दुकान उघडं आहे, मी येते बरोबर, जरा कडक जोडी मागून घेऊ. म्हणजे दुकानात पुन्हा तोच प्रश्न. म्हटलं, मला बर्फाची सवय झाली की होईल. ही मोजे उलटे करून हीटरवर टाकत बसली.

खरं तेच लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. वजन एकोणसत्तर नाही. किती आहे ते इथे लिहिण्याचं काही कारण नाही.

१२ फेब्रुवारी

चढ आला. आम्हाला सपाट सांगितलं होतं. पाय बदकासारखे फाकवून चढायचं. मी बदकासारखा चढलो आणि दगडासारखा खाली आलो. तीनदा. चौथ्यांदा हिने काठी पुढे धरून मला ओढलं. तिला ओढताना पाहून डॉक्टरीणबाईही ओढायला आल्या. दोन बायका मला ओढताहेत आणि वर एक बहात्तर वर्षांचा माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमीन कुठेच दिसत नव्हती.

परत यायला अंधार पडू लागला. गाइडबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, उद्याचं अंतर आजच्या दुप्पट आहे. सगळ्यांनी एकत्रच जायचं असतं. तुम्हाला नाही जमलं तर सगळ्यांना अर्ध्यातून मागे फिरावं लागेल. रात्री विचार करून सांगा.

विचार केला. माझ्यामुळे हिचं तळं हुकणार. ते व्हायला नको. तेव्हा त्याग करायचं ठरवलंय. उद्या सकाळी गुडघा दुखेल. मी खोलीत पडून राहीन, ही सगळ्यांबरोबर जाईल. कोणाचं नुकसान नाही. माणसाने असं मोठं मन ठेवावं.

१३ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ

गुडघा सुरू केला. जिन्यावर जरासा कण्हलो, मग भिंतीला धरलं. गाइडबाई म्हणाल्या, अरेरे, आराम करा. सुटलो.

ही म्हणाली, मी थांबते.

म्हटलं, अगं जा की. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून आग्रह केला. ही म्हणाली, यांना असं एकट्याला टाकून कशी जाऊ? आणि माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावर बसून गुडघा चोळला.

सव्वानऊ

तिघं निघाली. खिडकीतून दिसली, झाडांपर्यंत. ही खुर्चीत बसून बघत होती. माझ्याजवळ येऊन गुडघा हातात घेतला, वाटी हलवून पाहिली, वाकवला, सरळ केला. हिने उभ्या आयुष्यात हजारो गुडघे आतून पाहिलेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. विचारलं, इथे दुखतं? म्हटलं, हो. इथे? हो. इथे पण? सगळीकडे दुखतं म्हटलं.

बरं, म्हणाली.

दहा

सांगून टाकावं का? आत्ता सांगितलं तर ती निघू शकते. ती चपळ आहे, वाट खाचांची, चुकायची नाही. पण सांगायचं तर काय सांगायचं? गुडघ्याचं सांगितलं की विचारणार, मग का सरकत नव्हतात. मग वजन निघणार. मग दुकान. एकातून एक निघत जाणार. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चौघांची तोंडं.

हिने आत्ताच विचारलं, आता कसं वाटतंय? म्हटलं, तसंच आहे.

पावणेअकरा

पुन्हा विचारलं. म्हटलं, जरा जास्तच.

हीटर भरपूर तापलाय, तरी ही कोट काढत नाही. बूटसुद्धा घालून बसलीय. बायकांना थंडी जास्त वाजते.

मला लाज वाटतेय. कशाची ते नीट सांगता येत नाही.

साडेबारा

हिने बूट काढले. खाली जाऊन माझ्यासाठी सूप आणलं. सूप चांगलं होतं. सगळं संपवलं, त्याचीही लाज वाटली.

संध्याकाळ

सगळे आले. नाकं लाल, तोंडभर हसू. डॉक्टरीणबाईंनी फोनवरचे फोटो हिला दाखवले. ही एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. बर्फ किती जाड होता, वर चालताना आवाज येतो का, झोपडीत आत काय आहे, सगळं विचारलं. मग फोन परत दिला आणि ताटात बघून जेवायला लागली.

बँकवाल्यांनी माझी चौकशी केली. म्हणाले, गुडघ्याचं दुखणं वाईटच, माझे तर दोन्ही बदललेत. मी म्हटलं, कधी? म्हणाले, झाली तीन वर्षं. आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

मी लंगडत वर आलो. जिन्यात कोणी नव्हतं, तरी लंगडलो.

१५ फेब्रुवारी

घरी. संकल्प: वजन कमी करायचं. सोमवारपासून.

हिला सांगायचं. तेही सोमवारपासून.

१८ फेब्रुवारी

सोमवार होऊन गेला. स्कूलमध्ये सगळ्यांनी विचारलं, कसं झालं सर? म्हटलं, गुडघ्याने घात केला, नाहीतर तळं गाठलंच होतं. शिकायला येणाऱ्या त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, पण ओठ दाबले. तास जरा लवकर सोडला.

ही म्हणते, गुडघा दाखवून टाकू. म्हटलं, आता बरा आहे. म्हणाली, बरा आहे तरी बघून घेऊ. उद्या हॉस्पिटलात माझ्या एक्स-रेच्या खोलीत या, मीच बघते.

१९ फेब्रुवारी

गेलो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

टेबल गारेगार. पँट काढून ठेवायला लावली. कपाट उघडं होतं, मी मान तिकडे वळवली नाही. हिने माझा पाय सरळ केला, खाली एक्स-रेची प्लेट सरकवली, वरचा दिवा गुडघ्यावर आणला. इतक्या हळुवार हातांनी, की मला कसंतरीच झालं. मग काचेमागे गेली. तिथून आवाज आला, हलू नका.

मी श्वासही रोखला. ती म्हणाली, श्वास घ्या, गुडघा आहे, छाती नाही.

मग काहीच नाही. मशीनचा आवाज नाही, हिचा नाही. मी छताकडे बघत पडलो. किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी म्हटलं, अगं, ऐक. गुडघा दुखत नव्हता. वजनही मी चुकीचं सांगितलं होतं. स्की त्यामुळे सरकत नव्हती. भडाभडा सगळं सांगितलं, खरं वजनसुद्धा. त्र्याण्णव. त्या खोलीत आकडा फार मोठ्याने घुमला.

ही बाहेर आली. दिवा बाजूला केला, प्लेट काढून घेतली. मी विचारलं, फोटो कसा आलाय? म्हणाली, काढलाच नाही. धडधाकट गुडघ्यावर किरणं कशाला वाया घालवू?

म्हणजे ठाऊक होतं. म्हटलं, कधीपासून? म्हणाली, दुकानात मी शेजारीच उभी होते की.

मग त्या दिवशी मागे का थांबलीस, म्हटलं. निघून जायचं होतंस.

ती हात धूत होती. म्हणाली, तुम्ही सांगाल असं वाटलं. दहा वाजता सांगितलं असतंत, तरी गाठलं असतं मी त्यांना. अकरालासुद्धा. बारानंतर मात्र उजेड पुरला नसता.

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. हात पुसले, दार उघडलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. हात गळ्यात बांधलेले एक आजोबा आत आले. मी अजून पँट शोधत होतो.