माया दोन बोटं वाढली

२१ सप्टेंबर. सकाळ.
सून सुवर्णा बाळंतपणाला माहेरी मेहकरला गेली. नातीचं, मायाचं, रोजचं इंजेक्शन आजपासून माझ्याकडं. हाडांच्या आजारानं पोरीची उंची खुंटली आहे. वय नऊ, दिसते पाचाची. औषध एक संस्था फुकट देते. अट एकच, खाडा नको. सुवर्णा जाता जाता पुन्हा बजावून गेली. म्हटलं, बाई, जन्मभर साऱ्या सुलतानपूरच्या शेळ्या टोचल्या, एकीची तक्रार नाही. माझी बायको पंचफुला म्हणे, शेळ्यायले बोलता येत नाही म्हणून.

सायंकाळ. मायाला जेवू घातलं, पाणी पाजलं, बाटलीतली औषधाची पावडर पाण्यात कालवली, मांडीत सुई. ती रडली नाही. माझ्याच डोळ्यांत धूर गेला. घरात गॅस आहे, धूर कुठून आला कोण जाणे.

२३ सप्टेंबर
स्वयंपाकघराच्या चौकटीवर मायाच्या उंचीची रेघ मारली. म्हणे, आबा, तुमची बी मारा. मारली. डॉक्टर मॅडम म्हणतात, वर्षाला दीडेक सेंटिमीटर जास्तीचा मिळेल, चमत्काराची आशा धरू नका. शिकलेली माणसं हातचं राखूनच बोलतात.
विचारलं, उंच होऊन काय करशील वं? म्हणे, शाळेच्या संडासाची कडी लावीन. हात पुरत नाही, मैत्रिणीले, धम्मशीलाले, बाहेर उभं करावं लागते, अन् थे मधातच पळून जाते.
ठरलं. यंदा कडी गाठायचीच.

२८ सप्टेंबर
धम्मचक्र दिन तोंडावर. पावसानं स्वयंपाकघराची जमीन खचली होती. मुरूम-माती टाकून, चोपून, लिपून घेतली. सगळं माझ्या देखरेखीत. पंचफुला म्हणे, हाव, खाटेवरून.

५ ऑक्टोबर
माया म्हणे, आबा, आज नोको ना, मांडी दुखून राह्यली. एक दिवस सुट्टी दिली. एका दिवसानं काय होते?

९ ऑक्टोबर
काल पाहुणे होते. परवा माझ्याच हाताला मुंग्या. उद्यापासून कडक शिस्त.

१९ ऑक्टोबर
आनंद! मायाला चौकटीशी उभं केलं. दोन बोटं वाढली! महिन्याच्या आत! पंचफुलेला हाका मारून आणलं. म्हणे, फ्रॉक तर होता तिथंच आहे. बाईमाणसाला सायन्स कळत नाही. सुवर्णाला फोन केला. ती रडायलाच लागली. मग विचारते, मामाजी, रोज देता ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं?
माया दिवसभर टाचा उंच करून चालली.

२६ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. औषध फारच जोरात लागू पडलं आहे. जमिनीलाही आपण विश्रांती देतो. आठवड्यातून दोनदा बस झालं. सुई पाहिली की पोरीचं तोंड कसं होते, ते मॅडमला काय माहीत.

१८ नोव्हेंबर
सुवर्णाला मुलगा झाला. पेढे. पंचफुलेनं औषधाचा डबा उघडला, म्हणे, इतक्या बाटल्या काऊन उरल्या? म्हटलं, संस्थेनं जास्त पाठवल्या. तिनं डबा लावला. ती बोलत नाही तेव्हा मला करमत नाही.

१० जानेवारी
तपासणी. मॅडमनं मायाला मोजलं, पुन्हा मोजलं. वाढ जवळजवळ नाही. विचारलं, रोज दिलं? मायानं छताकडं पाहिलं. मी म्हटलं, तुमची पट्टी खराब आहे, आमच्या चौकटीवर दोन बोटं आहेत. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आबा, हाडं वाढायची वर्षं थोडी असतात, गेलेली परत मिळत नाहीत. संस्था आता औषध दुसऱ्या लेकराला देणार.
एसटीत माया म्हणे, आबा, कडी खाली बसवून भेटते का?

११ जानेवारी. सकाळ.
मॅडमला पुरावा म्हणून चौकटीचा फोटो पाठवायचा ठरवलं. माया काही उभी राहीना. म्हणे, पहिले तुमी राहा.
राहिलो. ती स्टुलावर चढली, माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, रेघ मारली. सप्टेंबरची माझी रेघ खाली होती. पायाखाली मुरूम टाकून चोपलेली जमीन.
सत्तरी उलटली माझी. मीही दोन बोटं वाढलो.