न जळणारी त्राटिका

३ मार्च
पंच येऊन गेले. चहा प्यायले, बशीतली भजी संपवली आणि मग म्हणाले, "लक्ष्मणदादा, औंदा बोहाड्यात त्राटिकेचं सोंग तुळशीदासला देऊ." तुळशीदास माझा पुतण्या, जव्हारला ऑफिसात क्लार्क. कीबोर्डवर बोटं नाचवणारा आता त्राटिका नाचवणार! रात्रभर मुखवटे नाचवायच्या या आमच्या उत्सवात बत्तीस वर्षं हे सोंग माझं आहे. गेल्या साली नाचताना टेंभ्यावर गेलो आणि मुखवटा पेटला, एवढंच. गुडघ्याचा काही संबंध नाही. कागद तो, पेटणारच.
निश्चय: न पेटणारा प्लास्टिकचा मुखवटा करणार. महिनाअखेरच्या तालमीत दाखवा, मग बघू, असं पंच म्हणाले. बघाच.

७ मार्च
भाचा ऋषिकेश बोईसरहून आला. वायरीच्या कारखान्यात आहे. वायर पेटू नये म्हणून तिच्या प्लास्टिकमध्ये घालतात ती पांढरी पावडर गोणभर आणली. म्हणाला, "मामा, ही तापली की आतलं पाणी सोडते, म्हणून आग विझते. पण प्लास्टिक वितळवतानाच दोनशे डिग्रीच्या वर नेलंत, तर पाणी आधीच उडून जाईल. आणि निम्म्याहून जास्त घालावी लागते. मग माल जड होतो, ठिसूळ होतो."
तेहतीस वर्षं वायरमन म्हणून खांब चढलो. मला वायर शिकवतंय पोरगं! तरी जेवल्याशिवाय सोडला नाही. नागलीची भाकरी, उडदाची डाळ. दोनदा वाढून घेतली. जेवताना ज्ञान बंद होतं.

११ मार्च
अंगणात प्लास्टिकच्या मोडक्या बादल्या कढईत वितळवल्या, पावडर ओतली. थर्मामीटर कशाला? आमच्या बायकोचा, जानकीचा तवा चाळीस वर्षं कुठल्या मीटरवर तापतोय?
दुपारी: माल फुगला. घावनासारखी जाळी पडली. ऋषिकेश फोनवर म्हणाला, पाणी उडालं. बोईसरला बसून याला माझी कढई दिसते! जाळी बरीच, आत हवा खेळेल.
संध्याकाळी: मुखवट्याला टेंभा लावून पाहिला. पेटला. बादल्या हलक्या होत्या.

१५ मार्च
पावडरीच्या गुठळ्या मोडेनात. जानकीची पिठाची चाळण घेतली. ती म्हणाली, "आता पीठ कशानं चाळू, तुमच्या मिशीनं?" बायकांना संशोधन कळत नाही. मग स्वतःच चुलीशी बसली, कढईवर हात धरला, दोन लाकडं मागे ओढली आणि म्हणाली, "आता घाला." फुगलं नाही. योगायोग.

२२ मार्च
जमलं! टेंभा पूर्ण दोन मिनिटं तोंडाशी धरला. नुसता काळवंडला. पातळ जागी चीर गेली, म्हणून सगळाच दुप्पट जाड केला. वाण्याच्या काट्यावर साडेसहा किलो. जुना कागदी पाऊण किलोही नसेल. पण त्राटिका राक्षसीण आहे, फुलपाखरू नव्हे.

२३ मार्च
आजपासून रोज पन्नास बैठका.

२४ मार्च
सात. हवा दमट आहे.

३० मार्च
तालीम झाली. पंच, ढोल, सनई, सगळा पाडा हजर. पहिली फेरी सुरेख. दुसरीत मुखवट्यानं मान खाली ओढली, गुडघा वाकला, पडलो. मुखवटा दगडावर आपटला, कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन तुकडे. कोणी हसलं नाही. हसले असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. तुळशीदास धावत आला. "काका, लागलं का?" क्लार्क लोकांना चौकश्या फार.
नोंद: टेंभा शेजारीच पडला होता. एकही तुकडा पेटला नाही.

८ एप्रिल, सकाळी
बोहाडा झाला. त्राटिका तुळशीदासनं नाचवली. तिसऱ्या पावलाला चुकतो, पण कंबर बरी वळते. हे त्याला सांगितलेलं नाही. निघण्याआधी म्हणाला, "काका, टेंभा तुम्ही धरा. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." धरला. कोणीतरी न विचारता खुर्ची आणून ठेवली. बसलो.
उजाडेपर्यंत ठिणग्या उडत होत्या. मुखवटा कागदाचाच. पेटला नाही.
कोणी विचारलं, तर कागद भारीतला होता म्हणून सांगेन.