कुबडीवालं मांजर

पेडणे, नोव्हेंबर १९८८

सगुणदादा,

दिवाळी अंकातली माझी हास्यचित्रं वहिनीला आवडली. कुबड्या घेतलेलं मांजर बघून पोट धरून हसले, असं तिनं कळवलंय. असलं सुचतं कुठून, विचारते.

तिच्या माहेरचे आपलं घर बघायला आले, तेव्हा तू मला गोठ्यात बसवलंस. माझी कुबडी पडली. कसला आवाज, म्हणून तिच्या वडिलांनी विचारलं, तर तू म्हणालास, "माजर आसा." पांगळी नणंद आहे हे तिला लग्नानंतर कळलं. गोठ्याचं अजून कळलेलं नाही.

तुझी पत्रं आधी तीच फोडते, म्हणून हे पाठवत नाही. तुझा संसार मोडायची मला हौस नाही. पण पुढच्या अंकात मांजर बोलणार आहे.

तुझं मांजर,
चंद्रावती