यंदाची काडतुसं

टॅपिओला, मिशिगन
१८ ऑक्टोबर १९८३

चि. आइलीस, रेनोदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन आहे तो बाबांच्याच घरी, त्यांच्या खुर्चीशेजारी, म्हणून लिहितोय. बाबांचे हात फार कापायला लागलेत. कॉफी कपात कमी, बशीत जास्त. आणि तरी या हातांनी ते दरवर्षीसारखी आपल्या दोघांची शिकारीची काडतुसं भरतायत. काल गेलो तर टेबलभर बंदुकीची दारू सांडलेली. एखाद्या काडतुसात ती जास्त पडली आणि बंदूक तोंडाशी फुटली, तर डोळा जाईल. तुझा नाहीतर माझा.

दुकानातली घेऊया का, असं सहज म्हणून पाहिलं. त्यावर तासभर ऐकून घ्यावं लागलं. दुकानदाराला काय माहीत तुम्ही कुठे बसता, म्हणाले. मी दलदलीतल्या दाट झाडीत, म्हणून मला जड गोळी. तू टेकडीच्या कडेला, लांबचा नेम, म्हणून तुला हलकी. हे सगळं त्यांनी ठरवलेलं आहेच. तुझा वीसचा डबा आपल्या लाकडाच्या ट्रकबरोबर पाठवतोय. तू औषधांच्या दुकानात दिवसभर तोलामापात असतेस, तूच काय ते बघ. हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतोय आणि मला झोप नाही. तुझी वहिनी म्हणते, तू हरणाला घाबरतोस की बापाला?

उलट टपाली लिही. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र लवकर हवं.
तुझा दादा

डुलूथ, मिनेसोटा
२५ ऑक्टोबर

ती. दादास, आइलीचा सा. न.

वीसही काडतुसं दुकानातल्या तराजूवर तोलली. एकात जरी दारू कमीजास्त असती तरी कळलं असतं. सगळी सारखी आहेत. बाबा धडधाकट होते तेव्हाची सुद्धा मी तोललीयेत, ती इतकी जुळत नव्हती. तेव्हा तू निवांत झोप.

मी मात्र जागी आहे. काडतुसाच्या बुडाला बाबा आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावतात ना, आपली ओळख पटावी म्हणून? यंदा एकही ठिपका जागेवर नाही. कुठे कडेला गेलाय, कुठे ओघळलाय. ज्या हाताला ठिपका जमत नाही, त्याला दारू इतकी नेमकी कशी मोजता आली? बाबांनाच विचारणारेय. रागावले तर माझ्यावर रागावतील, तू घाबरू नकोस.

वहिनीला नमस्कार. ओरडलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी आइली

टॅपिओला
३० ऑक्टोबर

चि. आइलीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

अक्षराकडे बघू नकोस. तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तराजूवाल्या मुलीपुढे खोटं बोलण्यात अर्थ नाही. ती काडतुसं दुकानातली आहेत.

तीन वर्षं झाली. त्या साली भरलेली तपासली तर दोन चक्क रिकामी निघाली आणि एकात दारू जास्त. मी घाबरलो, बाळ. तेव्हापासून पलीकडच्या गावातून आणतो, इथला दुकानदार मला ओळखतो म्हणून. जड गोळीची रेनोला, हलकीची तुला. आपल्या जुन्या डब्यांत भरतो, ठिपका लावतो. रेनो यायचा असला की थोडी दारू टेबलावर सांडून ठेवतो, म्हणजे काम चाललंय असं वाटतं.

दर ऑक्टोबरला तुम्ही दोघं विचारता, बाबा, यंदा कुठली? ते विचारणं बंद झालं तर मला या घरात काय काम उरलं? तू आता लहान नाहीस, तुला लपवाछपवीचा राग येईल. येऊ दे. पण रेनोला सांगू नकोस.

मापांची वही, साचे, सगळं जागेवर आहे. हात तेवढे नाहीत. तुझे चालतील का? शनिवारी आलीस तर मी वाचून दाखवीन, तू तोल. वाफेच्या अंघोळीची सौनाही तापवून ठेवतो.

म्हातारा आहे, सांभाळून घे.
तुझे बाबा

टॅपिओला
१९ नोव्हेंबर

चि. आइलीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या हरणाचं मांस ट्रकबरोबर पाठवलंय. मला यंदा आठ टोकांच्या शिंगांचा नर मिळाला, तुझ्या हरणापेक्षा मोठा, हे वहिनीने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

मी उगाच जीव टांगणीला लावला होता. हंगामाआधी तू दोन दिवस येऊन बाबांच्या टेबलाशी बसलीस, माझा जुना डबा परत घेऊन नवा दिलात, तेव्हाही मनात पाल चुकचुकली होती. पण एकही काडतूस वाया गेलं नाही. ठिपके मात्र तसेच वाकडे. ते लावायला तू त्यांना कशी देतेस?

एक गंमत. बाबांना म्हटलं, यंदाची गोळी गेल्या तीन वर्षांपेक्षा दोन बोटं वर लागते, काही बदललंत का? तर ते डोळे पुसत म्हणाले, अरे, यंदाची घरची आहेत. मी म्हटलं, मग एरवीची काय दुकानातली असतात? त्यावर इतके हसले की सगळी कॉफी माझ्या मांडीवर.

त्यांना झालंय काय, तुला ठाऊक असेल तर कळव. इकडे आमचा लोभ आहे, आणि पँटवर डाग.
तुझा दादा