नळावरच्या सिंहाचा फेटा

मंगळवार, कार्तिक वद्य चतुर्थी
नागरवाडा, बडोदे

आज पुन्हा! परवा चौकातल्या नळाच्या दगडी सिंहाला झेंडूची माळ होती, आज चक्क लाल फेटा. पाणी भरायला आलेल्या आम्ही सगळ्या हसून बेजार. शेजारच्या कांताबेन म्हणाल्या, "जुओ तो खरा, वरराजा आव्या!" खरंच, नवरदेवच आल्यासारखा दिसत होता. कोण करत असेल हे?

जेवताना हे तणतणले, "महाराज विलायतेला गेले की लोक सोकावतात. उद्या कचेरीत कळवतो." मामंजी मान खाली घालून भात कालवत होते. सासूबाई गेल्यापासून ते कोणाशी फारसे बोलतच नाहीत.

पण त्या फेट्याचा पीळ काही डोक्यातून जाईना. सगळ्यांचा उजवीकडे असतो, हा डावीकडे होता. असा पीळ मी कुठे बरं पाहिलाय? आणि एकदम आठवलं. पलटणीत असताना मामंजींचा उजवा हात दुखावला, तेव्हापासून ते डाव्या हाताने फेटा बांधतात. म्हणजे माझं जुनं लाल लुगडं, जे मी कालपासून शोधतेय...

हे उठून गेल्यावर ताक वाढता वाढता मी हळूच म्हटलं, "मामंजी, सिंहाला फेटा छान बसला होता."

"बसणारच," ते म्हणाले. "तो डोकं हलवत नाही. तुझ्या नवऱ्याने लग्नात किती हलवलं होतं!"

आणि हसले. या घरात, मोठ्याने!

ह्यांना काही सांगणार नाही. माझं हिरवं लुगडंही आता विटलंच आहे. मामंजींच्या खोलीतल्या कपड्यांच्या काठीवर टाकून आले.