टाकीतले दाणे

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तू प्रिय आहेसच, आणि म्हणूनच जास्त संताप होतोय.

आधी आईचं सांगते. डोळ्यावरची पट्टी निघाली. पट्टी निघताच तिने नर्सला सांगितलं, तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय. म्हणजे दिसतंय व्यवस्थित. मग विचारलं, दादा नाही आला? मी म्हटलं, डेअरीत फार काम आहे. तिच्याजवळ राहायची पाळी तुझी होती. तू म्हणालास, “मी हललो तर उत्पादन थांबेल. तुझ्या सांडपाण्याला कोण विचारतंय? तू जा.” मी गेले. जाताना सांडपाण्याची टाकी चालवणाऱ्या काकांना सगळं समजावून गेले आणि तुलाही हात जोडून सांगितलं, की काही जास्तीचं सोडायचं झालं तर दुधाची जी जादा टाकी मोकळी ठेवलीय तिच्यात साठवा आणि माझ्या टाकीत थोडंथोडं सोडा. तू मान डोलावलीस. मोबाइलकडे बघत डोलावलीस, पण डोलावलीस.

सांडपाणी शुद्ध करायची माझी टाकी तुझ्यासाठी म्हणजे नुसतं घाण पाणी. एकदा तरी भांडंभर पाणी काढून उजेडात धरलं असतंस! आधी त्यात कापसासारखा गाळ असायचा, तासन्‌तास तरंगत राहायचा. हवा सोडायची, बंद करायची, जे पटकन तळाशी बसेल ते ठेवायचं, जे रेंगाळेल ते वाहून जाऊ द्यायचं. महिनोन्‌महिने हेच केलं. मग घाण खाणाऱ्या त्या गाळातल्या जिवाणूंनी एकमेकांना धरून मोहरीएवढे गोल, पिवळसर दाणे केले. हवा थांबली की वाळूसारखे खाली बसायचे, आणि वर राहायचं ते पाणी इतकं नितळ, की काकांनी त्यात स्वतःचा चेहरा बघून मिशी विंचरली होती. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो. तेच पाणी ओढ्यात जायचं. पलीकडच्या वस्तीतल्या बायका पुन्हा तिथे कपडे धुवायला लागल्या होत्या, हे तुला माहीत तरी आहे का?

मी परत आले तेव्हा फाटकातच वास आला. टाकीवर राखाडी साय. दाणे फुटून त्यांचा चिकट लगदा झालेला. भांडं भरून ठेवलं, वाट बघितली, काहीच खाली बसलं नाही. ओढ्याला फेस आलेला, आणि वस्तीतली एक बाई काठावर उभी राहून मला शिव्या देत होती. मी ऐकून घेतल्या.

शीतयंत्र बंद पडलं, मलई आंबली, यात तुझा दोष नाही. पण मोठं गिऱ्हाईक बघायला येणार, साठा भरपूर दिसावा म्हणून त्या मोकळ्या टाकीत तू ताजं दूध भरलंस, आणि आंबलेली सगळी मलई एका दमात माझ्या टाकीत ओतायला लावलीस. काकांनी तुला फोन केला होता. म्हणाले, “साहेब, हिचा जीव गुदमरेल, हवा पुरणार नाही.” तू काय म्हणालास ते त्यांनी मला सांगितलं नाही, लाजले. तेव्हा तुझ्याजवळ उभ्या असलेल्या फिटरने सांगितलं. “टाकी खायलाच ठेवलीय ना? मग खाऊ दे तिला!” वा, दादा. काय विनोद केलास!

टाकी मेली म्हणून मी इतकी चिडले असते का? चिडले असते, आठवडाभर बोलले नसते, मग पुन्हा दाणे वाढवायला घेतले असते. तळाशी थोडे शिल्लक आहेत. पण मालकांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, झडप कोणी उघडली ते बघा. झडप काकांनीच उघडली, खरं आहे! तुझ्या हुकमावरून. आज त्यांना कामावरून काढलं, कपाट रिकामं करायला लावलं. त्यांनी डबा, चप्पल, गळपट्टा पिशवीत भरला आणि मला एवढंच म्हणाले, “ताई, साहेबांना काही बोलू नका. घरात वितुष्ट नको.” तुझ्यापेक्षा तुझ्या घराची काळजी त्यांना जास्त आहे रे!

तोंडावर सांगायला आले की तू “अगं वेडे” म्हणतोस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. म्हणून हे लिहून वहिनीच्या हाती देतेय. तिने वाचलं तरी हरकत नाही. उद्या डेअरी उघडली की मी मालकांकडे जाणार आहे. फिटरही येतो म्हणालाय. हुकूम कोणाचा होता, हे मी नाव घेऊन सांगणार. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. माझ्याआधी तू गेलास, स्वतःच्या तोंडाने बोललास, तर मी बाहेरच थांबेन, आणि तू बाहेर आलास की तुझ्यासोबत काकांच्या घरी येईन. नाही गेलास तर मी आत जाईन. मग आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल.

संतापलेली, तरी तुझीच,
धाकटी