दोरावरचे तिघे

१४ तारीख, रविवार दुपार

ताई,

नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, भाची शाळेत जाताना रडायची थांबली असेल आणि भावजींनी स्वयंपाकघरातला नळ अजून दुरुस्त केला नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे. अण्णा मंगळवारी कायमचे तुझ्याकडे राहायला येताहेत, ते तुला कळलंच. फोनवर तू दरवेळी "असं अचानक का?" विचारलंस आणि दरवेळी मी रेंज गेल्याचं नाटक केलं. म्हणून हे पत्र.

आधी डोंगराबद्दल सांगतो. जन्मभर खिडकीतून पाहिलेला आपला ज्वालामुखी जवळून अगदी गबाळा आहे. नुसती राख. पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं, आणि वारा फिरला की सडक्या अंड्यांचा वास येतो. पहिल्या दिवशी रानातून चढलो, मग राखेतून. मग एक दिवस नुसतं वर जाऊन पुन्हा खाली झोपायला आलो, अंगाला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. संध्याकाळी गाईड बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. अण्णांचा आकडा माझ्याहून चांगला निघाला की ते तंबूतंबूतून सांगत फिरायचे. निवृत्त झाले तरी ड्रिल मास्तरच ते, चहासुद्धा छाती काढून पितात. "आमचे चिरंजीव जरा लेचेपेचे आहेत, सांभाळून घ्या," असं त्यांनी आचाऱ्यालाही सांगितलं.

ही सहल मीच त्यांना भेट दिली होती. तुला तेव्हा किती भरून आलं होतं! पुढच्या महिन्यात ते पासष्टीचे होतील, आणि पासष्टीनंतर तिथे कुणी चढाईच्या दोरावर घेत नाही. म्हणजे ही शेवटची संधी. पहिली संधी माझ्यापायी हुकली, हे तुला सांगायला नको. त्यांचं वर जायचं ठरलं त्याच आठवड्यात मी महिनाभर आधी टपकलो आणि त्यांना दवाखान्यात आईच्या उशाशी बसावं लागलं. "हा आला आणि माझा डोंगर गेला." माझ्या प्रत्येक निकालाला ऐकलं. माझ्या लग्नात व्याह्यांसमोरही ऐकलं. सगळे हसले, मीही हसलो.

घरून निघताना माझ्या मनात काही नव्हतं. एवढं तरी मान.

शेवटचा टप्पा बर्फाचा. बुटांना लोखंडी काटे बांधायचे, आणि एका दोरावर तिघं: पुढे गाईड, मध्ये मी, मागे अण्णा. नियम त्याने पहिल्याच मुक्कामाला सांगितला होता. एक खाली, तर तिघं खाली. बर्फावर कुणाला एकटं सोडत नाहीत. डोकं फुटायला लागलं, उलटीची भावना झाली, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं की लपवू नका, हेही त्याने नीट समजावलं होतं. मी लक्ष देऊन ऐकलं होतं.

उजाडलं तेव्हा माथा समोर होता. ज्वालामुखीच्या तोंडातून निघणारी वाफ वेगळी दिसत होती, इतका जवळ. बाकीचे दोर पुढे निघून गेले होते. अण्णा मागून ओरडले, "अरे लेचापेच्या, पाय उचल!"

मी खाली बसलो.

गाईडने विचारलं ते सगळं मला होत होतं. डोकं, उलटी, दोन-दोन माथे. तो म्हणाला, "उतरायचं." अण्णा आधी चिडले, मग विनवायला लागले. आपले अण्णा, ताई, हात जोडून! पुरे आता, उठावं असं वाटलं, आणि मी एक पाय उचललाही होता. तेवढ्यात ते गाईडला म्हणाले, "ह्याला इथेच खुंट्याला बांधून ठेवा ना. आपण दोघं जाऊन येऊ. काही मरत नाही तो."

मी पाय पुन्हा पसरला. म्हटलं, "तुमचंच खरं, अण्णा. मी लेचापेचाच."

खालच्या निवाऱ्यात आल्यावर त्यांनी मला बाकावर आडवं केलं, बूट-मोजे काढले आणि माझे तळवे स्वतःच्या हातांनी चोळायला बसले. "दुखतंय का रे अजून?" असं विचारलं. मला उभ्या जन्मात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. गुडघा फुटला तेव्हाही नाही. त्यांचे हात गरम होते. मी गप्प राहिलो असतो तर बापलेक म्हणून आम्ही घरी आलो असतो.

पण ते माया करत होते ती एका आजारी पोरावर, आणि तो आजारी पोर मी नव्हतोच. माझ्या वाट्याला खोटं बोलूनच जर ती येणार असेल तर नकोच, असा राग आला मला. मी म्हणालो, "अण्णा, मला काहीही झालेलं नाही. वरही झालं नव्हतं."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी माझा मोजा पुन्हा चढवला, शाळेत रांगेतल्या मुलांचे करायचे तसा सरळ ओढून, आणि म्हणाले, "बूट घाल. जीप निघेल." त्यानंतर आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत. लेचापेचाही म्हणत नाहीत.

त्यांनी तुझंच घर का निवडलं, ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. तुझ्याकडून डोंगर दिसत नाही. इथे खोलीतला पडदा ते आल्यापासून ओढलेलाच आहे. मला वाईट वाटतंय की नाही, हे पत्रभर स्वतःला विचारतोय. वाटतंय. पुरेसं नाही.

सामान टेम्पोने पाठवतोय. त्यांच्या पलंगासमोरचा डोंगराचा मोठा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवला होता. तो मी उचलून आणला आणि गादीच्या वळकटीत बांधलाय. तुझ्याकडेही त्यांच्या पलंगासमोरच लाव, डोळे उघडताच दिसेल असा. कुणी पाठवला म्हणून ते विचारणार नाहीत. तरी सांग.

खिळे सोबत आहेत.

तुझा धाकटा,
लेचापेचा